आग्र्यातला फिशपॉन्ड

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवाला ठाऊक असणारच, म्हणून त्याच्यापुढे मी तो विषयच काढत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हालाही मी पोट धरून हसवलं असतं आणि घरी जाऊन तुम्ही म्हणाला असतात — काय गमतीदार बाई आहे! सगळे तेच म्हणतात. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बारसं असो की डोहाळजेवण, मी गेल्याशिवाय रंग चढत नसे. हिच्या जिभेला हाड नाही, असं सासूबाई म्हणायच्या. मला ते कौतुकच वाटायचं.

गोष्ट माझ्या नणंदेची आहे. नलूची. नवऱ्याची धाकटी बहीण, माझ्याहून थोडी लहान. तिचं लग्न झालेलं नव्हतं. दोन्ही हातांवर, मनगटाच्या जरा वरपासून दंडापर्यंत, कोड होतं. चेहरा मात्र स्वच्छ — माझ्याहून कितीतरी देखणा. म्हणून बारा महिने लांब बाह्यांचा ब्लाऊज, मनगटाशी बटण. तरुण असताना एक स्थळ अगदी जमत आलं होतं. मुलाच्या आत्याने चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाली, जरा बाही वर कर बघू. नलूने केली. त्यानंतर आमच्याकडे कोणी बघायला आलं नाही आणि नलूनेही कोणाला येऊ दिलं नाही.

पहाटे ती नाक्यावरच्या दूध केंद्रावर बसायची, उजाडल्यावर घरी यायची. मग दिवसभर घर तिचं. सासूबाईंची औषधं, माझ्या दोन मुलांच्या शाळा, दळण, रेशन, सगळं. मी अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळी भरलेला डबा उचलायचा आणि निघायचं, संध्याकाळी यायचं ते आयत्या चहावर. लोकांना मात्र मी सांगायचे, "नलूला आम्ही सांभाळतो." कोण कोणाला सांभाळत होतं? मला ते तेव्हाही कळत होतं बरं का. मी काही भोळी नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या मधलं एक वर्ष असेल. नाताळच्या सुट्टीत राजस्थान आणि शेवटी आग्रा अशी सहल ठरली. यात्रा कंपनीची — म्हणजे बस त्यांची, धर्मशाळा त्यांनी ठरवलेल्या आणि आचारीही बरोबर, त्यामुळे उदेपूरलाही वरणभात आणि चित्तोडलाही वरणभात. नलूला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण सासूबाई तेवढे दिवस बोरिवलीला थोरल्या लेकीकडे राहणार होत्या, त्या जाता जाता म्हणाल्या, "तिका पण घेऊन जावा गो. जल्मात काय बघल्यान हा तिना?" मी लगेच हो म्हटलं. प्रवासात मुलांकडे बघायला कोणीतरी हवंच होतं.

त्या बसमध्ये वर्तक होते. मुलुंडचे. पन्नाशीला टेकलेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. किल्ल्यावर गाईड हिंदीत तलवारी चालवत असायचा, सगळी मंडळी त्याच्या तोंडाकडे बघत पुढे पुढे जायची, आणि हे गृहस्थ मागे राहून भिंतीचे दगड हाताने चाचपून बघायचे. नलूही मागे राहायची, कारण माझा धाकटा तिच्या कडेवर असायचा. एकदा तो वर्तकांच्या खांद्यावर दिसला. मग रोजच दिसायला लागला. उदेपूरच्या तळ्यात होडीत बसायची वेळ आली तेव्हा वर्तकांनी आपला रुमाल पसरून नलूची जागा धरली होती.

मला काय वाटलं? आधी मजा वाटली. बसमध्ये माईक असायचा, टूरवाले मोघे गाणी म्हणायला तो फिरवायचे. मी तो हातात घेऊन म्हटलं, "मंडळी, चित्तोड अजून लांब आहे, पण मागच्या सीटवर वेढा पडलेला आहे!" बस हसून हसून आडवी झाली. वर्तक लाजले. नलूही हसली — मोठ्याने. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. आणि मग मला दिसायला लागलं की सकाळी माझ्यासाठी चहा आणलेला नसतो. मुलीची वेणी मलाच घालावी लागते. धाकट्याचं नाक मलाच पुसावं लागतं. स्वतःच्या मुलाचं नाक पुसावं लागलं म्हणून मी चिडले होते, हे लिहिताना आज माझं मलाच कसंसं होतं. तेव्हा मात्र मी खरोखरच चिडले होते.

चित्तोडहून परतल्यावर संध्याकाळी धर्मशाळेच्या खोलीत नलू मुलांचे स्वेटर घडी करत होती. म्हणाली, "वहिनी, मी त्यांना सांगितलं."

"काय?"

तिने नुसता बाहीला हात लावला.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढंच ना? मला वाटलं, तुमचं कुठे ठरलंय की काय." आणि तिने धाकट्याच्या स्वेटरमध्ये तोंड लपवलं.

मी म्हटलं, "झकास गं!" तिला जवळही घेतलं. आणि तिला जवळ घेतलेलं असतानाच माझ्या डोळ्यांपुढे आमचं स्वयंपाकघर आलं. सकाळ झालेली, गॅस बंद, ओट्यावर डबा नाही, आतल्या खोलीतून सासूबाई हाका मारताहेत. नोकरी सोडावी लागणार होती मला. टाइपरायटरवर फार प्रेम होतं असं नाही हो — पण घराबाहेर पडणं, पगाराचा दिवस, ऑफिसातल्या बायकांना हसवणं, हे सगळं सोडून मी सासूबाईंचं औषधपाणी करत बसणार होते? आणि ही मुलुंडला राणीसारखी राहणार?

आता फिशपॉन्डबद्दल. आपल्याकडे सहल म्हटली की शेवटच्या दिवशी फिशपॉन्ड आलेच. एकमेकांवर निनावी टोमणे लिहायचे, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, एकाने मोठ्याने वाचायच्या. नाव घालायचं नाही, पण कोणावर आहे ते कळलं पाहिजे. आणि एकच नियम — रागवायचं नाही. ज्याच्यावर चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांच्या आधी हसायचं. किती छान नियम आहे ना? ज्याने कोणी तो केला असेल तो माझ्यासारखाच असणार.

शेवटचा दिवस आग्र्याचा. सकाळी ताजमहाल बघितला. मी बागेत कठड्यावर बसले होते, नवरा मुलांचे फोटो काढत होता. वरच्या चौथऱ्यावर नलू आणि वर्तक उभे होते. तिने संगमरवरावर तळहात टेकवला होता. ते काहीतरी म्हणाले. आणि मग नलूने मनगटाचं बटण काढलं. उन्हात, एवढ्या माणसांत. बाही एक घडी वर केली. फक्त एक घडी — आणि हात तसाच ठेवला.

माझ्या पर्समध्ये सहलीचा छापील कार्यक्रम होता. त्याचा कोपरा फाडून मी तिथेच लिहिलं. शोधावं लागलं नाही, खोडावं लागलं नाही. अशी वाक्यं मला नेहमीच चटकन सुचत.

दुपारी धर्मशाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून सगळे बसले. आचाऱ्याने तुपाचा रिकामा डबा घासून दिला होता. मोघे एकेक चिठ्ठी काढत होते. कोणाच्या घोरण्यावर निघाली, माझ्या बडबडीवरही एक निघाली. वर्तकांवर निघाली — ताजमहालाच्या विटा मोजून झाल्या का, अशी काहीतरी. वर्तक मनापासून हसले. ते अजून हसतच होते तेवढ्यात मोघ्यांनी पुढची उघडली आणि न बघताच खणखणीत आवाजात वाचली.

"ताजमहाल बघायला आग्र्यापर्यंत कशाला आलात? आमच्या लांब बाह्यांच्या बाईंना बाह्या वर करायला सांगा — संगमरवर आतच आहे!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! बहुतेकांना वाटलं, बाई गोऱ्यापान असतील आतून, म्हणून कोणीतरी लाडाने लिहिलंय. पोरांनी टाळ्या धरल्या — बाह्या वर! बाह्या वर! माझी मुलगीही टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, आत्याचा खेळ चालला आहे.

आणि मला त्या हशाचा आनंद झाला. हे लिहायचं की नाही, यावर मी फार वेळ अडले होते. लिहिते. माझं वाक्य चाललं, याचा मला आनंद झाला.

नलू नियमाप्रमाणे हसली. मग तिने वर्तकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधीच्या चिठ्ठीचं हसू अजून होतं. घरच्यांखेरीज त्या हॉलमध्ये तिच्या हातांबद्दल फक्त त्यांनाच माहीत होतं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. वर्तकांचं हसू एकदम उतरलं, ते उठायलाही लागले होते. पण तोवर तिने मान फिरवली होती.

इथपर्यंत एक वेळ म्हणता येईल की डोकं फिरलं होतं. पण पुढचं? परतीच्या आगगाडीत नलू माझ्या शेजारी खिडकीला टेकून बसली होती. वर्तक स्टेशनावरून संत्री घेऊन आमच्या डब्यात आले, आमच्या बाकाशी उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. धाकट्याच्या हातात संत्री देऊन ते गेले. मग ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "वहिनी, मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं गं."

एका शब्दाचं काम होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या, घर सोडून गेली असती — आणि मुलुंडला सुखाने नांदली असती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "पुरुषांचं असंच असतं गं. चारचौघांत हसायला त्यांना काहीतरी लागतं."

संक्रांतीला वर्तक घरी आले. नलू सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली होती, मी रजेवर होते. इस्त्रीचा शर्ट, हातात तिळगुळाचा डबा. दारातच म्हणाले, "ती चिठ्ठी माझी नव्हती, एवढंच त्यांना सांगायचंय. समोर बसून सांगतो, मग त्या म्हणतील तसं." त्यांना आत घ्यायला काय हरकत होती? बाहेर ऊनही होतं. मी दार अर्धवट धरून म्हटलं, "तिनेच मला सांगून ठेवलंय, तुम्ही आलात तर आत घेऊ नको म्हणून." ते डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "मुलांना द्या." जिना उतरताना त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, किल्ल्यांत दगडांवरून फिरवायचे तसा.

तिळगूळ मुलांनी खाल्ला. डबा मी घासून ठेवला. पुढे कित्येक वर्षं त्यात आम्ही मोहरी ठेवत होतो, आणि नलू रोज फोडणीला त्यातूनच मोहरी घ्यायची. डबा कोणाचा, हे तिने कधी विचारलं नाही.

माझी नोकरी निवृत्तीपर्यंत झाली. निरोपसमारंभात सगळे म्हणाले, बाईंनी संसार सांभाळून केवढं केलं! सासूबाई नलूच्या मांडीवर गेल्या. माझ्या मुलीचं बाळंतपण नलूने काढलं. वर्तकांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

आता नवराही नाही. मुलं आपापल्या घरी. आम्ही दोघीच असतो. कोड पसरत पसरत गेलं आणि आता नलू सगळी एकसारखी पांढरी झाली आहे — चेहरा, मान, पावलं. झाकण्यासारखं काही उरलेलं नाही, पण बाह्या अजून लांबच आहेत. बोटं वाकडी झाल्यामुळे मनगटाचं बटण तिला लावता येत नाही. ते रोज सकाळी मी लावते. तिला दिसतंही कमी. पेपर, मासिकं, सगळं मीच वाचून दाखवते. हे वाचून दाखवणार नाही.

संक्रांतीला ती पहिला तिळगूळ माझ्या हातावर ठेवते. म्हणते, "वहिनी, तिळगूळ घे, गोड बोल." मी घेते. आणि दिवसभर तिच्याशी गोडच बोलते.