कॅसेटची दुसरी बाजू

टेप बंद झाला. काकूंनी माझ्या हाताखालची परात ओढली आणि मळलेली कणीक खरकट्याच्या बादलीत टाकली. माझ्या बोटांना कणीक तशीच चिकटलेली.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं महालक्ष्म्यांचा नैवेद्य या हातांनी केलास. तोंड नाही उघडलं गं तुझं?"

"काकू..."

"काकू म्हणू नक्को मला."

घर हैदराबादेत, कुकटपल्लीतलं. काकूंच्या यजमानांनी, साहेबांनी, सरकारी नोकरी सोडून नव्या कंपनीत उडी मारली तेव्हा घेतलेलं. मूळची ही माणसं परभणीकडची, आमच्याच भागातली. माझी शाळा सातवीत सुटली. मावशी हैदराबादला बांधकामावर होती, विशीत मी तिच्यामागं आले. काकूंनी दारातच विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. त्यांच्या सोयऱ्यांतही ते आडनाव होतं. "म्हणजे आपल्यातलीच की!" त्या हसल्या, आणि मला थेट चुलीपाशी नेलं. ते आडनाव आमच्यातही असतं. मी गप्प राहिले. माझं खोटं एवढंच.

टायफॉइड झाला तेव्हा याच काकूंनी मला आठ दिवस पेज भरवली. उपकार आहेत. आजही आहेत. त्यामुळंच तर जीभ उचलत नव्हती.

त्यांची मुलगी अमेरिकेत शिकायला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मी तिला ताईच म्हणायची. तिच्या शिक्षणाचे शेवटचे तीन आठवडे राहिले होते. प्रबंध द्यायचा होता, गाव सोडून परक्या घरी राबणाऱ्या बायांवर. तिनं कुणाबरोबर तरी एक कॅसेट पाठवली. एका बाजूला तिच्या आवाजात प्रश्न, दुसरी बाजू माझ्यासाठी कोरी. शेवटी ती म्हणाली होती, "खरं खरं सांग हं. घाबरू नकोस."

सांगितलेलं काम मन लावून करायची मला सवय. मी खोलीचं दार लावून बोलले. शाळा का सुटली ते बोलले. गावात हापशावर आमची पाळी शेवटी कशी यायची ते बोलले. आम्ही जयभीमवाले, हेही बोलले. मला प्रश्न विचारून उत्तराला कुणी अख्खी अर्धी कॅसेट दिली, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. ताईसाठी बोललेलं ताईच ऐकेल, असं मी धरून चालले.

शनिवारी ओळखीचे एक गृहस्थ अमेरिकेला जाणार होते. पाठवायच्या आधी आवाज नीट आलाय का बघू म्हणून काकूंनी कॅसेट स्वयंपाकघरातच लावली. उठून बटण दाबावं असं मला वाटलं. हात पिठात होते. टेपमधली मी मात्र बोलतच होते.

मग काकूंनी डबे उतरवले. मसाले, पापड, मी घातलेलं लोणचं, सगळं बाहेर. भांडी घासणाऱ्या यादम्माला बोलावून ओटा, फरशी, भिंतीसुद्धा धुवून घेतल्या. मी मागच्या पायरीवर बसले. यादम्मा झाडू घेऊन बाहेर आली. तिला आत कळलं होतं.

"हौ, तू भी बाहर कीच है? फिर मेरेकू उप्पर से चाय कायकू डालती थी?"

तिच्या कपाला माझा हात लागू नये म्हणून मी चार वर्षं वरून चहा ओतत होते. काकूंनी सांगितलं होतं म्हणून. काकूंपेक्षाही वरून ओतायची मी, कुणाला संशय येऊ नये म्हणून. कणीक बादलीत गेली तेव्हा जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी तेव्हा वाटली.

मला वाटलं, हाकलतील. हाकललं नाही. ताईला कॅसेट हवी होती. दुसऱ्या दिवशी काकूंनी एक कागद पुढं ठेवला. "याच्यावरच परत बोल. पहिलं पुसून जाईल." कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, मी शेतकऱ्याची मुलगी. या घरात मला लेकीसारखं वागवतात. मला कसलाही त्रास नाही.

मग ताईचा फोन. काकूंनी रिसीव्हर लांबूनच माझ्या कानाला धरला. मला धरू दिला नाही.

"अगं, दोनच आठवडे राहिलेत माझे. आई सांगते तसं बोल ना. प्लीज. मी आल्यावर बघते सगळं."

"ताई, खरं सांग असं तुम्हीच म्हणालात."

मग ती म्हणाली, "हो, पण आईचं नाव खराब होईल असं नको ना."

काकूंनी फोन ठेवला. टेप पुढं सरकवला. लाल बटण स्वतः दाबलं. चाकं फिरायला लागली. माझं बोललेलं पुसत पुसत कॅसेट पुढं जात होती आणि मी कागदाकडं बघत बसले होते. मला वाचता येत होतं. तीनच तर ओळी. वाचल्या असत्या तर खोली राहिली असती, दोन वेळचं जेवण राहिलं असतं. मावशी गावाला परत गेलेली. या शहरात दुसरं दार मला माहीत नव्हतं.

"वाच."

"मी हे वाचणार नाही, काकू."

एवढंच म्हणाले. आवाज धड निघाला नाही. पण ते टेपमध्ये गेलं.

संध्याकाळी माझी ट्रंक फाटकाबाहेर होती. कॅसेटचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. ताई पास झाली, असं तिथल्या वॉचमननं नंतर सांगितलं. प्रबंधात मी आहे की नाही, आणि असले तर कशी, हेही मला कधी कळणार नाही. त्याला माझा इलाज नाही.

त्यानंतर कामासाठी जेवढ्या दारांत उभी राहिले, तेवढ्या दारांत मी कोण आहे ते आधी सांगितलं. मलकपेठेत दोन घरांनी तिथूनच परत पाठवलं. सुलतान बाजारच्या एका खानावळीनं ठेवलं, पण फक्त भाजी चिरायला. भीती गेलेली नाही. तरी सांगते. आणि सातवीपर्यंत आलेली अक्षरं घेऊन हे लिहायला बसले आहे. यातली एकही ओळ कुणाला दाखवून, विचारून लिहिणार नाही.