कौलं मोठी झाली

घरावर कौलं किती लागतील हे बिनचूक सांगणारा माणूस आमच्याकडे एकच, ढांगतात्या. त्यांचं खरं नाव विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागेल. तात्या मूळचे सुतार. छपरांची लाकडं तासून तासून हात थकले, तेव्हा हातांनी रजा घेतली आणि पाय कामाला लागले.

कुणाच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या की तात्यांना बोलावणं जाई. ते येत, चपला दाराशी काढत, हात पाठीशी बांधत आणि भिंतीच्या कडेनं चालू लागत. आधी लांबी चालायची, मग रुंदी. मान वर करून लाकडांचा उतार एकदा डोळ्यांत भरून घ्यायचा. मग डोळे मिटून ओठ हलवायचे. आजूबाजूची माणसं गप्प राहत, जणू आता पाऊसच पडणार आहे. आणि मग आकडा येई. चौदाशे दहा म्हणजे चौदाशे दहा. छपरावरचा गडी शेवटचं कौल बसवी, तेव्हा खाली फुटक्या तुकड्यांखेरीज काही उरलेलं नसे.

त्यांची ढांग बरोबर तीन फुटांची. ती देवानं दिलेली नव्हे, कमावलेली. तरुणपणी त्यांनी ओसरीच्या फरशीवर छिन्नीनं दोन रेघा मारल्या, तीन फुटांच्या अंतरानं, आणि वर्षभर सकाळ-संध्याकाळ ह्या रेघेवरून त्या रेघेवर पाऊल टाकलं. काकू तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. त्यांना वाटलं, नवरा वेडा आहे. "अजूनही वाटतं," असं त्या सांगतात, "पण आता सवय झाली."

कुणी टेपचं नाव काढलं की तात्या म्हणत, "टेप ओढाल तशी ताणते. पाय ताणत नाही."

तीस वर्षं हे खरं ठरलं. मग कौलं उरायला लागली.

पहिल्यांदा शिंप्याच्या घरी उरली, तेरा. तात्यांनी त्यातलं एक उचललं, उलटंपालटं केलं, त्याला वीत लावून पाहिली आणि रोगाचं निदान करावं तसे म्हणाले, "कौलं मोठी झालीत. कारखानेवाल्यांनी साचा बदलला." पुढे गवळ्याच्या घरी साठ उरली. "बघा, आणखी मोठी केली." गिरणीवाल्याकडे तर एकशे ऐंशी उरली. गिरणीवाला तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "तात्या, साचा असाच वाढत गेला तर दोन वर्षांत एका कौलात घर झाकलं जाईल. मी थांबायला हवं होतं." त्यानं त्या कौलांखाली कोंबड्यांना असं ऐसपैस खुराडं बांधलं, की आता त्या आमच्याकडे मान तिरकी करून बघतात.

अशात तात्यांच्या लेकीचं घर बांधायला निघालं. जागा अरुंद, पुढे बोळ, मागे शेजाऱ्याची भिंत. कौलं उरली तर ठेवायची कुठे, डोक्यावर? लेकीच्या सासूबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "माझ्या ओळखीचा टेपवाला आहे. तासाभरात मोजून जाईल. उगाच व्याह्यांच्या पायांना कशाला त्रास?"

हे तात्यांना लागलं. भरल्या घरात ते बोलून गेले, "विहीणबाई, एक कौल जरी उरलं ना, तर पुन्हा कुणाच्या भिंतीकडेनं चालणार नाही."

लेकीनं कपाळाला हात लावला. "बाबा, कोणी मागितला होता शब्द?" तिला माहीत होतं, चालणं बंद झालं की बाबा घरी बसतील. आणि घरी बसलेले बाबा कसे असतात, ते आईला भोगायचं होतं.

त्याच दिवशी तात्या ते घर चालून आले. काकू ओसरीत भाजी निवडत बसल्या होत्या.

"किती आली?"

"एकोणीसशे वीस."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "जरा ह्या रेघांवरून चालून दाखवा बरं."

"आत्ता? आणि ते का?"

"बघावंसं वाटलं. लग्न झालं तेव्हा रोज फुकटात दिसायचं."

तात्या खुशीत आले. चपला काढल्या, टाच पहिल्या रेघेवर ठेवली आणि ऐटीत ढांग टाकली. टाच दुसऱ्या रेघेच्या अलीकडेच पडली. त्यांनी वळून पुन्हा टाकली. पुन्हा अलीकडे. तिसऱ्यांदा त्यांनी दम धरून पाय लांबवला, तर तोल गेला आणि खांब धरावा लागला.

"फरशी मोठी झाली असेल," काकू म्हणाल्या. "कौलांसारखी."

तात्या हसले नाहीत. खाली बसले. टाच आणि रेघ ह्यांच्यामध्ये त्यांनी बोटं ठेवून पाहिली. चार बोटं मावली.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"शिंप्याच्या घराच्या आधीपासून. पूर्वी तुमच्याबरोबर बाजारात जायचं तर मला धावावं लागायचं. आता लागत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "बरोबरीनं चालायला बरं वाटत होतं."

 तात्या त्या दोन रेघांवरून बोट फिरवत बसले. उन्हं फरशीवरून सरकून भिंतीवर चढली.

शेवटी काकूच म्हणाल्या, "फडताळात टेप आहे. मी पडद्यांसाठी आणलेली. कुणाला कळायचं नाही."

"टेप नको," तात्या म्हणाले. "माप किती खोटं आहे हे एकदा कळलं, की खोट्या मापानंही खरं मोजता येतं. ढांगेमागे चार बोटं वजा. लांबीत चार, रुंदीत चार. चोर एकच, पण दोन्ही दारांनी शिरत होता." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. ह्या खेपेला बराच वेळ हलवले. मग फुटतुटीला चाळीस धरून आकडा आला, सोळाशे साठ. कधी नव्हे ते त्यांनी विचारलं, "पुरतील ना गं?"

कौलं चढायच्या दिवशी विहीणबाई बोळात खुर्ची टाकून बसल्या. खालचा ढीग खचत गेला, वरचं छप्पर लाल होत गेलं. तात्या कोपऱ्यात उभे, हात पाठीशी. दुपार कलली तेव्हा वरच्या गड्यानं हात झाडले आणि तो ओरडला, "झालं! शेवटचं बसलं!"

विहीणबाई तेव्हा मान वर करून छप्पर बघत होत्या. भिंतीच्या पायाशी एक कौल उरलं होतं. अख्खं. काकू चार पावलं चालल्या आणि शांतपणे त्याच्यावर बसल्या.

"अहो, खाली काय बसता? खुर्ची घ्या ना," विहीणबाई म्हणाल्या.

"इथंच बरं आहे. गार लागतं."

विहीणबाईंनी बोळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, दाराआड डोकावल्या, रिकामी टोपली उलटी करून पाहिली. "कमाल आहे बाई, एकही नाही!" मग मोठं मन दाखवत तात्यांना म्हणाल्या, "माझ्या भावाचं घर व्हायचंय पुढच्या वर्षी. याल का चालायला?"

"येईन की," तात्या म्हणाले. म्हणता म्हणता त्यांची नजर काकूंकडे गेली. काकूंच्या खालून कौलाचा लाल कोपरा डोकावत होता. तात्या जवळ गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या घराला पाच बोटं धरू. तोवर मी काही तरुण होत नाही."

"धरा की," काकू म्हणाल्या. "पण आधी विहीणबाईंना आत न्या. टोचतंय मला."