सुभेदारांची दारू

चहाचा पहिला घोट घेतला की सुभेदार कप खाली ठेवत, समोरच्याकडे रोखून बघत आणि विचारत, "काय बदललं?"

बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसे. पण ते असं विचारत की आमच्या बँकेसमोरचा टपरीवाला खरोखरच विचारात पडे. दूध तेच, पत्ती तीच, साखर तीच. शेवटी आठवून आठवून तो सांगे, की गाळणी नवीन घेतली. मग सुभेदार समाधानाने मान हलवत आणि उरलेला चहा पिऊन टाकत.

लाखनीच्या त्या शाखेत मी कारकून होते आणि ते दारावरचे गार्ड. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, मूळचे करडी गावचे. फौजेत ते खरं तर नायब सुभेदार होते. हे ते स्वतःच सांगत, पण गावाने दिलेली बढती परत कशी करायची, असंही विचारत. बँकेच्या बंदुकीपेक्षा त्यांना प्रिय होती त्यांची स्वतःची रायफल, रीतसर परवान्याची. नागपूरकडे ज्येष्ठ नेमबाजांची स्पर्धा होई, तिला ते दरवर्षी जात आणि सोमवारी बँकेत आले की निकाल कुणी विचारतं का याची वाट बघत. आम्ही मुद्दाम दुपारपर्यंत विचारत नसू.

त्यांची एक खासियत होती. स्पर्धेची काडतुसं ते घरी स्वतः भरत. त्याची परवानगी त्यांनी काढलेली होती. मला यातलं काही कळत नसे, पण त्यांनी इतक्यांदा समजावलं की आता तुम्हाला सांगू शकते. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि वर गोळी. विकतच्या काडतुसांत दारू कणभर कमीजास्त असते. शिकाऱ्याला ते चालतं, नेम धरणाऱ्याला चालत नाही. म्हणून प्रत्येक काडतुसात अगदी सारखी दारू पडायला हवी.

एकदा त्यांच्या घरी गेले, तर भर मे महिन्यात सुभेदार पंखा बंद करून, श्वास रोखून एका चिमुकल्या वजनकाट्यावर दारू मोजत बसले होते. कपाळावरून घाम ओघळत होता. काकू दारात उभ्या होत्या. त्या काट्याला त्या 'माझी सवत' म्हणत. मला म्हणाल्या, "पाहा मॅडम, माह्यासाठी कधी पंखा बंद नाही केला यायनं."

आणि मग एका वर्षी सुभेदारांची दारू संपली.

तुम्ही हसाल, पण गावही असंच हसलं. ते वापरत ती दारू परदेशी होती, आणि नागपूरच्या परवानाधारक दुकानदाराने सांगितलं की आता ती येणार नाही. सुभेदार टपरीवर उभे राहून फोनवर मोठ्याने बोलत, की माझी दारू बंद झाली, आता दुसरी कोणती चालंल ते सांगा. ऐकणारे ऐकत. सुभेदारांच्या घरात बाबासाहेबांच्या शब्दाखातर आजोबांच्या काळापासून कुणी दारूला शिवलेलं नव्हतं. विहारातल्या बायांनी काकूंना हळूच बाजूला घेऊन विचारलं, की भाऊ या वयात असे काहून करून राहिले. काकूंनी समजावलं की पिण्याची नाही, भरण्याची. त्याने गोंधळ आणखी वाढला.

सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. फटाक्यांच्या दुकानदाराने त्याच्याकडची दारू देऊ केली. सुभेदारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या दिवाळीत त्याने आमच्या गल्लीत दुकान लावलं नाही. आमचे मॅनेजर मदतीच्या भावनेने मोबाइलवर एक यादी शोधून घेऊन आले. कोणती दारू किती वेगाने जळते, त्या क्रमाने सगळ्या दारूंची नावं. सुभेदारांच्या दारूच्या बरोबर खाली दुसरं नाव होतं. मॅनेजर म्हणाले, ही घ्या की, शेजारचीच आहे.

सुभेदार शांतपणे म्हणाले, "साहेब, यष्टीत माह्या बाजूले एक जण बसला, म्हून तो काही माहा भाऊ नाही झाला."

यादीतला क्रम म्हणजे नुसता अंदाज, हे त्यांनी मग आम्हा सगळ्यांना कामाच्या वेळात सांगितलं. दोन दारू शेजारी असल्या तरी एकीचं माप दुसरीला लावायचं नाही, रायफल तोंडावर फुटू शकते. नवीन दारू आणली की तिच्याच कंपनीच्या पुस्तकातलं सगळ्यात कमी माप धरून पहिल्यापासून सुरुवात करायची. आणि दाणा कितीही सारखा दिसो, नाव नसलेल्या डब्याला हात लावायचा नाही. फौजेतल्या त्यांच्या एका सोबत्याने तो लावला होता. त्याच्या पुढचं ते सांगत नसत.

बदललेली वस्तू आपल्या जिभेपासून आणि नजरेपासून लपू शकत नाही, असा त्यांना केवढा तरी अभिमान होता. त्याचंही एक सांगून टाकते. घरी त्यांना चिन्नोरचाच भात लागे. दुसरा भात आपण वासानेच ओळखतो, असं ते टपरीवर सांगत. त्यांच्या दारूच्या शोधाच्या त्याच वर्षी घरातला चिन्नोर संपला होता, आणि काकू कित्येक महिने त्यांना राशनचा तांदूळ खाऊ घालत होत्या. सुभेदार रोज ताटावर वाकून वास घेत आणि "वा" म्हणत. काकूंनी हे मला सांगितलं आणि वर बजावलं, की त्यांना सांगू नका, बिचारे आधीच दारूच्या चिंतेत आहेत.

पुष्कळ वाट पाहिल्यावर दुकानदाराकडे एक दुसरी दारू आली. डबा सीलबंद, नाव ठळक. सुभेदारांनी अगदी कमी मापापासून सुरुवात केली. नेमबाजीच्या रेंजवरून आणलेला पहिला कागद त्यांनी मला दाखवला, तर त्यावर कोंबड्यांना दाणे फेकल्यासारखी भोकं पडली होती. मी विचारलं, यातलं निशाण कोणतं होतं. ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण हळूहळू भोकं जवळ येऊ लागली, आणि उन्हाळा उतरेपर्यंत कागदाच्या मध्यभागी एकमेकांना खेटून बसू लागली.

एव्हाना दुसरंच काही माझ्या लक्षात आलं होतं. सुभेदार कपबशीऐवजी काचेच्या ग्लासात चहा घेऊ लागले होते, आणि ग्लास दोन्ही हातांनी धरत. बँकेत दारावर बसले की उजवा हात मांडीखाली ठेवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की स्टूल हलते. पुढची स्पर्धा आपली शेवटची, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही कळलं होतं. पण स्टुलावर खापर फोडून आम्ही दोघांनी तो विषय तिथेच मिटवला.

त्या स्पर्धेला काकूही निघाल्या, म्हणून मी आणि माझे मिस्टर त्यांना गाडीने घेऊन गेलो. तिथे गार्डसाहेब भेटले. हे गोंदियाचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले आणि सुभेदारांचे जुने प्रतिस्पर्धी. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन असं कधी केलं नव्हतं. जो हरे तो वाऱ्याला दोष देई आणि जो जिंके तो वाऱ्याचे आभार मानी.

गार्डसाहेबांचीही जुनी दारू संपली होती. त्यांनी नाश्त्याच्या वेळी मोठ्या खुशीत सांगितलं, की एका ओळखीच्याने बरणीतून थोडी दिली, अगदी तीच. सुभेदारांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि बरणीवर नाव होतं का ते विचारलं. नव्हतं. पण दाणा तोच, रंग तोच, आणि जुन्याच मापाने भरलीय, असं गार्डसाहेब म्हणाले.

सुभेदारांनी त्यांना बाजूला नेऊन समजावलं. मग हात जोडले. इतक्या वर्षांत त्यांना कुणापुढे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. गार्डसाहेब हसून म्हणाले, की हरायची भीती वाटत असेल तर तसं सांगा. रेंजच्या अधिकाऱ्याला सांगावं, असं मी सुचवलं. सुभेदार म्हणाले, की मग त्याचा परवाना जाईल, आणि त्या माणसाजवळ रायफलीशिवाय दुसरं आहे काय.

गार्डसाहेब कानात घालायचे बोळे शोधत पाठमोरे झाले, तेव्हा सुभेदार त्यांच्या रायफलीजवळ गेले. बोल्ट ओढून काढला, स्वतःच्या खिशात घातला आणि चहाच्या दुकानाकडे चालू लागले. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी.

मग व्हायचं ते झालं. गार्डसाहेबांनी आरडाओरडा केला, अधिकारी आले. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावला म्हणून सुभेदारांना तिथल्या तिथे बाद केलं. कारण विचारलं, तर ते एवढंच म्हणाले की चूक झाली साहेब. बोल्ट मात्र त्यांनी स्पर्धा संपल्यावरच दिला. वर्षभर खपून भरलेली त्यांची काडतुसं डब्यात तशीच राहिली.

परतीच्या वाटेवर काकूंनी गाडीत डबा उघडून सगळ्यांना पुऱ्या दिल्या. शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, की ती दारू खरंच वाईट होती का. कदाचित खरंच जुनीच असेल.

"असंलही," सुभेदार म्हणाले. ते बाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे वळले. मग म्हणाले, "मले कुठं माहीत होतं, मॅडम. माहीत नोयतं, म्हून तं बोल्ट काढला."

पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिलं नाही. गार्डसाहेबांचा फोन नाही, निरोप नाही. सुभेदार रोज म्हणत, की बरं झालं, कटकट गेली, आणि फोन वाजला की सगळ्यांच्या आधी उचलत.

मग एका दुपारी गार्डसाहेब यष्टीने लाखनीला उतरले आणि थेट त्यांच्या घरी आले. माफी कुणी कुणाची मागितली नाही. बरणीतली दारू पाण्यात भिजवून टाकली, एवढं गार्डसाहेब जेवताना म्हणाले. सुभेदारांनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. त्यानंतर ते महिन्यातून एकदा येत, आणि दोघे अंगणात बसून त्या त्या वर्षीच्या वाऱ्यावरून भांडत.

गेल्या हिवाळ्यात सुभेदार गेले. फार आजारी नव्हते. हात तर शेवटी शेवटी शांतच होते, असं काकू म्हणाल्या.

परवानेदार गेल्यावर त्याचं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. काकूंनी मला आणि गार्डसाहेबांना बोलावलं. मिस्टरांनी गाडी काढली. काकू मागे बसल्या, आणि फौजेच्या चादरीत गुंडाळलेली रायफल त्यांनी मांडीवर आडवी घेतली. मी धरते म्हटलं, तर दिली नाही.

ठाण्यात तरुण हवालदार होता. त्याने सगळं नीट लिहून घेतलं. काकू म्हणाल्या, "बाबू, कोरड्या जागी ठेवजो. पावसाळ्यात याले तेल लावा लागते."

तो म्हणाला, "लावू, काकू."

"कोणतं लावशील?"

तो गार्डसाहेबांकडे पाहू लागला. गार्डसाहेबांनी तेलाचं नाव सांगितलं. काकूंनी ते हवालदाराकडून पुन्हा म्हणवून घेतलं, आणि मगच सही केली.

गार्डसाहेब ठाण्यावरूनच गोंदियाच्या यष्टीकडे गेले. परत येताना काकू मागे एकट्याच बसल्या होत्या. चादर घडी करून शेजारी ठेवली होती. आरशात मला त्यांचे हात दिसत होते. एक हात एका गुडघ्यावर, दुसरा दुसऱ्या गुडघ्याच्या पुढे थोडा उचललेला, आणि गाडी खड्ड्यातून गेली की दोन्ही हात जरासे वर होत होते, मांडीवरून काही पडू नये म्हणून.