निर्मलाबाईंची ग्रामसभा

परभणीच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो, तेवढ्यात आमच्या गावच्या सरपंचांचा, भगवानरावांचा फोन आला. "सर, बाई गेल्या..." त्याला आता दीड महिना झाला. निर्मलाबाईंच्या जाण्याची बातमी त्यांच्याच तोंडून यावी याचं तेव्हा काही वाटलं नाही, आता मात्र नवल वाटतं. कारण आमच्या गावात भगवानरावांना तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस एकच होतं... बाई.

ताडकळसजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या, मी गणित. आम्ही निवृत्त झालो त्या सुमारास ग्रामसभा म्हणजे नुसता कल्ला झाला होता. ठराव ढीगभर, नळाला थेंब नाही. मग फौजेतून परतलेले भगवानराव सरपंच झाले आणि त्यांनी सभाच बंद केली. ठरावांचं रजिस्टर घरोघरी फिरायचं, लोक सह्या करायचे. नळ वेळेवर यायला लागला, रस्ता झाला. गाव खूश, मीही खूश. बाईंना म्हणालो, "इतकी वर्षं बोलून काय मिळालं? एक कामाचा माणूस भेटलाय, लय झालं." त्या म्हणाल्या, "आज पाणी येतंय सर. उद्या न्हाई आलं तर सांगायचं कुठं?" मी हसण्यावारी नेलं.

पुढच्याच उन्हाळ्यात मेंढरं तळं घाण करतात म्हणून भगवानरावांनी तिथं त्यांना बंदी केली. धनगरवस्तीवरची सरूबाई रडत बाईंकडे गेली आणि बाई माझ्याकडे आल्या. "शिस्त म्हटल्यावर थोडं सोसावं लागतं," मी म्हणालो. "सोसायलंय कोण सर? तुमी का मी?" एवढं बोलून बाई चहा न घेताच उठल्या. तीस वर्षांची सोबत, पण तीन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या दिवसांत त्या घरोघरी जाऊन बसत होत्या, बायांचं ऐकून घेत होत्या.

एका सकाळी त्या आपणहून आल्या. "सर, माझंही चुकलं. बोलायचा हक्क हाय म्हणून जन्मभर शिकवलं. पण आपल्या सभेत सरूबाईला कुणी कधी बोलू दिलं? जो हक्क कधी हाताला लागलाच न्हाई, तो गेला म्हणून कोण रडंल? लोकांना दरारा आवडला असं न्हाई... आपल्या कल्ल्याला ते विटले होते." मी चपला घातल्या आणि घरोघरी सभेचं सांगायला त्यांच्याबरोबर निघालो.

शाळेच्या ओसरीवर बाईंनी सतरंजी अंथरली. माणसं जमली. भगवानरावही आले, पण दारातच उभे राहिले. बाईंनी पहिल्यांदा सरूबाईला उठवलं. ती म्हणाली, "साहेब, रस्ता लय छान केला तुमी. आमची मेंढरं त्याच रस्त्यानं तीन कोस पाण्याला जायलीत."

भगवानराव म्हणाले, "मला कुणी सांगितलंच न्हाई."

"तुमी विचारलं कवा?" बाईंनी म्हटलं.

मग भगवानराव सतरंजीवर येऊन बसले. आठवड्याभरात तळ्यापासून जरा लांब मेंढरांसाठी हौद झाला आणि सभाही सुरू झाली. सरपंच तेच राहिले. पुढं तर बाईंशी वाद घातल्याशिवाय त्यांना करमत नसे.

मी आता लेकाकडे परभणीत असतो. मागच्या आठवड्यात सभेसाठी मुद्दाम गावी गेलो. वाद रंगला, लांबला, ऊन चढलं. भगवानरावांनी वैतागून रजिस्टर मिटलं... आणि थांबले. सभा उठण्याआधी बाई नेहमी वळून मागं बसलेल्या बायांना एक प्रश्न विचारायच्या. तो त्या दिवशी भगवानरावांनीच विचारला, "कुणाचं राहिलंय का?"

सरूबाईची सून पदर सावरत उठली. "माझं राहिलंय."

भगवानरावांनी रजिस्टर परत उघडलं.