हिरालालजींचं गेट तेवढं करकरतं

आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत आणि त्यांतली तेरा गेटं मुकी आहेत. चौदावं हिरालाल पटल्यांचं. ते उघडलं की भिलाईतल्या आमच्या अर्ध्या कुरुद वस्तीला कळतं, हिरालालजी दुधाला निघाले. पुन्हा वाजलं की कळतं, दूध आलं. मधे पाच मिनिटांत दोनदा वाजलं तर समजायचं, पिशवी घरीच विसरले होते. त्या गेटमुळे हिरालालजींच्या आयुष्यात खाजगी असं फार काही उरलेलं नाही.

हे आपोआप झालेलं नाही. हे शेजारच्या केवलराम रहांगडाल्यांचं काम आहे. म्हणजे नीट सांगायचं तर, त्यांनी न केलेलं काम.

केवलरामकाकाजी भिलाईच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून फिटर म्हणून रिटायर झाले. लोक रिटायर झाल्यावर सकाळी फिरायला जातात, बीपी मोजतात. काकाजी गंज सोडवायचा स्प्रे घेऊन गल्लीत फिरतात. डब्यासोबत येते ती बारीक लाल नळी कुठे पडू नये म्हणून शर्टाच्या खिशात पेनासारखी अडकवलेली असते. एकदा बँकेत सही करताना त्यांनी खिशातून तीच काढली होती.

त्या डब्याने आमच्या गल्लीत काय काय सुटलं, ते ऐकून बाहेरच्याला खोटं वाटेल. नलूमावशीच्या बोटातली पंचवीस वर्षं अडकलेली अंगठी सुटली. मावशी रडायला लागली तेव्हा काकाजी म्हणाले, "अंगठीच निघाली जी, नवरा नाई निघाला. जा, साबणानं हात धू." साक्षीच्या वेणीला चिकटलेलं च्युइंगम निघालं, नाहीतर तिची आई कात्री घेऊन उभीच होती. रमाताईंच्या लग्नात आलेल्या स्टीलच्या ताटांना कंपनीचे स्टिकर होते, पोरं मोठी झाली तरी ते घासून निघेनात. काकाजींनी प्रत्येक स्टिकरवर एक फुसकारा मारला, चहा प्यायले आणि नखाने सोलून दिले. माझी मोटरसायकल पावसात बंद पडायची, तेव्हा प्लगच्या टोपीत मारून तिच्यातलं पाणी पळवलं. चालू झाली तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, कोचिंगले उशीर झाला म्हणून सांगायले आता दुसरं कारण शोध."

मी नेहरू नगरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. काकाजींच्या मते ते काही काम नव्हे.

पण त्यांचा नियम एकच आणि तो कोणालाही मोडता येत नाही. मारायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग हात लावायचा. मधे कोणी हात लावला तर डबा उचलून घरी जातात. शिलाई मशीनवर मारा म्हटलं तर चिडतात. "हे तेल नोहे जी. हे तेलासाठी रस्ता साफ करते. मशीनले मशीनचंच तेल पाहिजे." आणि गॅसच्या शेगडीजवळ कोणी डबा नेला तर त्याचा बापसुद्धा काढतात.

आता हिरालालजी.

दोघं तिरोड्याकडच्या एकाच गावचे. एकाच पॅसेंजरने भिलाईला आले, एकाच वर्षी भरती झाले. दोस्ती अशी की प्लॉटही शेजारी शेजारी घेतले, मधल्या भिंतीत पोरांसाठी खिडकी ठेवायची ठरवली होती. ती खिडकी कधी झाली नाही.

अठरा वर्षांपूर्वी मिल दुरुस्तीसाठी शटडाउनला होती. जाम झालेले बोल्ट तेव्हा सरळ गॅस कटरने कापायचे. बोल्ट जायचा, कधी त्याचं भोकही बिघडायचं. केवलरामांची रीत वेगळी. आधी फवारा, मग दहा मिनिटं थांबायचं, मग हातोडीची हलकी टिचकी, मग बोल्ट सोडवायच्या आधी केसभर आवळायचा. आवळला की गंज तुटतो आणि मग बोल्ट सुटतो. त्या शटडाउनमध्ये त्यांनी एकही बोल्ट न कापता रोलरांचा अख्खा स्टँड सोडवला. साहेब म्हणाले, सूचना-स्पर्धेत लिहून द्या.

फॉर्म हिंदीत भरायचा होता. केवलराम मराठी शाळेत सातवी. बोलायला हिंदी फर्राटेदार, पण लिहायला बसले की मात्रा कुठे द्यायची आणि कुठे नाही, यात घाम फुटायचा. हिरालालजींचं अक्षर मोत्यासारखं. केवलराम स्टुलावर बसून सांगत गेले, हिरालालजी लिहीत गेले. 'छिड़को, रुको, फिर खोलो,' असं वर मथळाही दिला. आणि खाली नाव लिहिलं, हिरालाल पटले.

केवलरामांना हे कळलं ते प्लांटच्या पत्रिकेत फोटो आला तेव्हा. हिरालालजी हातात बक्षिसाचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन हसत होते. केवलराम विचारायला गेले तर ते म्हणाले, "नाव कोणाचंबी असो ना, केवलभाऊ. काम झाल्याशी मतलब."

केवलराम भांडले नाहीत. घरी आले आणि बायकोला, सिंधुताईंना, एवढंच म्हणाले, "मले त्याच्या तोंडून ऐकायचं हाय. चार लोकांच्या समोर."

सिंधुताई सांगतात, तेव्हापासून ह्यांनी हे ऐकायची वाट पाहिली आणि वाट पाहता पाहता गल्लीतलं प्रत्येक गेट, प्रत्येक कडी, प्रत्येक कुलूप सोडवून ठेवलं. हिरालालजींचं सोडून. तेरा गेटं मुकी झाल्याशिवाय चौदावं नीट ऐकू येत नाही, हे गणित काकाजींना मला शिकवावं लागलं नाही.

सुशीलाकाकू, म्हणजे हिरालालजींची बायको, मधूनमधून भिंतीवरून म्हणायची, "केवलभाऊ, आमच्या न्हाणीची कडी लय जाम होऊन राहिली."

"मालकाले म्हणा ना, स्वतः येऊन सांगा," काकाजी म्हणायचे.

मालक यायचे नाहीत. मालकांनी कडीवर मोहरीचं तेल घातलं. त्यात धूळ बसली. मग अजून तेल, अजून धूळ. मोहरीच्या तेलाचा डिंक होतो, हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं.

मग यंदा मे महिन्यात समाजाच्या मंडळाने हिरालालजींचा सत्कार ठरवला. सिविक सेंटरजवळच्या हॉलमध्ये, सकाळी अकरा वाजता. पत्रिका घरोघरी आली. त्यावर लिहिलं होतं, 'ज्येष्ठ तंत्रज्ञ मा. हिरालालजी पटले यांचे अनुभवकथन : छिड़को, रुको, फिर खोलो.'

काकाजींनी पत्रिका वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. मग ती चौकोनी घडी करून नळीच्या मागे खिशात ठेवली. त्या दिवशी कोणाच्याही कडीला हात लावला नाही.

सत्काराच्या दिवशी सव्वानऊला सुशीलाकाकू धावत आली. गेट इतक्या जोरात वाजलं की मी ब्रश तोंडात घेऊनच बाहेर आलो.

"केवलभाऊ! अडकले ना ते! न्हाणीत! कडी निघूनच नाई राहिली!"

काकाजींनी आधी चहा संपवला. मग डबा घेतला, हलवला, कानाशी धरून आतला आवाज ऐकला. मला म्हणाले, "चल मास्तर. साक्षीदार लागन."

न्हाणी मागच्या अंगणात. लोखंडी पत्र्याचं दार, बाहेरच्या बाजूला उघडणारं, वर हातभर जाळी. आतून धपाधप आवाज येत होता.

"सुशीले! कोणाले तरी आण लवकर!"

"आणलं हाय जी."

"कोण?"

"मी," काकाजी म्हणाले.

धपधप थांबली. आत नळ टिपकत होता.

"केवलभाऊ," शेवटी आवाज आला, "बरं झालं आलास."

"मी कुठी आलो? बोलावलं म्हणून आलो."

त्यांनी लाल नळी डब्याला लावली, दार आणि चौकट यांच्या फटीत घातली आणि एक लांब फुसकारा मारला. मग सरळ उभे राहिले.

"आता?" सुशीलाकाकूने विचारलं.

"आता दहा मिनिटं."

तेवढ्यात समोर गाडी थांबली. मंडळाचा सेक्रेटरी भूपेंद्र, कुर्ता-जॅकेट घालून, सोबत आणखी दोघं. सत्कारमूर्तींना न्यायला आले होते. मागोमाग आवाज ऐकून सिंधुताई, रमाताई, नलूमावशी आल्या. अंगणात बघता बघता चार काय, चौदा लोक झाले.

भूपेंद्रने परिस्थिती पाहिली आणि त्याची हिंदी सुरू झाली. "अरे यार, ग्यारह बजे प्रोग्राम है. वेल्डरला बोलवा ना, कटरने दोन मिनिटांत काम होईल."

"बोलवा," काकाजी म्हणाले. "पण मी आताच फवारा मारला हाय. हा पेट घेते. कटर लावला तर हार फोटोले घालावा लागन."

आतून किंचाळी आली. "कटर नाई! कटर नाई आणायचा!"

"ऐकलं?" काकाजी म्हणाले. "तज्ज्ञ हायत ते. कटर नाई. छिड़को, रुको, फिर खोलो. पुढे काय, हिरालालजी? तुमचंच तर हाय."

कोणीतरी हसलं. आत हिरालालजींनी डोक्यावर तांब्या ओतला. मे महिना, वर सिमेंटचा पत्रा, टाकीतलं पाणी सकाळीच चहासारखं.

काकाजींनी मला हिरालालजींच्या घरातलं घड्याळ बघायला पाठवलं. बक्षिसात मिळालेलं तेच घड्याळ, बैठकीच्या खोलीत देवाच्या फोटोच्या वर लावलेलं. मागच्या दारातून ते दिसत होतं; तिथेच उभा राहून मी सांगितलं, "तीन मिनिटं झाली."

"मग वेळ हाय. हिरालालजी, आज भाषण हाय ना? म्हणून दाखवा. फॉर्म कोणं लिहिला?"

"म्या लिहिला."

"अक्षर चांगलंच हाय तुमचं. सांगितलं कोणं?"

आत नळ करकचून बंद केल्याचा आवाज आला.

"केवलभाऊ, आता म्हातारपणी..."

"म्हातारपणी सत्कार होते, तर हे बी होऊ द्या. पाच मिनिटं झाली का, मास्तर?"

"साडेपाच."

"गरमी लय हाय रे केवल! जीव जाईन माह्या!"

"जाळीतून हवा येते. टाकी पाण्यानं भरली हाय. मी मिलमंधी याच्या दुप्पट गरमीत अठ्ठावीस वर्षं काढली, तूबी काढली. नाई जात जीव." काकाजी दाराशी अजून जवळ गेले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अठरा वर्षं तुह्या गेटचा आवाज ऐकून उठतो मी. सकाळी पहिलं तूच आठवतोस मले. तुले माहीत हाय का, कावून?"

भूपेंद्र मधे पडला. "काकाजी, नंतर बोला ना हे, अभी टाइम नहीं है."

सिंधुताईंनी त्याला एका हाताने मागे सारलं. "तुले टाइम नाई तर तू जा. आमच्याकडे हाय."

मग बोलली ती सुशीलाकाकू, दाराकडे तोंड करून. "सांगूनच टाका ना जी आता. मले तर त्याच दिवशी समजलं होतं. ते घड्याळ घेऊन तुम्ही घरी आले, पण तुमच्या हाताले कधी फवाऱ्याचा वास आला नव्हता. त्या डब्याचा वास केवलभाऊच्याच हाताले येते."

आत काहीतरी, बहुधा उपडी बादली, कोणी वर बसल्यासारखी वाजली.

"केवलनं सांगितलं," हिरालालजी म्हणाले.

"जोरानं."

"केवलरामनं सांगितलं! सगळं केवलरामनं सांगितलं! फवारा, थांबणं, टिचकी, आवळणं, सगळं त्याचं! म्या फक्त लिहिलं! अन् नाव टाकलं माह्यं! झालं? झालं समाधान?"

नलूमावशी अंगठी नसलेलं बोट चोळत राहिली. भूपेंद्र मोबाइलमधल्या सत्काराच्या बॅनरकडे बघत होता.

"दहा झाली," मी म्हणालो. खरं तर नऊच झाली होती.

काकाजींनी कडीच्या जागी बाहेरून हातोडीची टिचकी मारली. "आता कडी आधी आत ढकल. केसभर. मग ओढ."

कडी सुटली. हिरालालजी बाहेर आले, कमरेला टॉवेल, छातीवरचे पांढरे केस चिकटलेले. काकाजींकडे न बघता म्हणाले, "दार कोणीबी उघडो..."

"वाक्य पुरं करू नको," काकाजी म्हणाले.

पुरं केलं नाही.

सगळे पांगल्यावर मी दाराजवळ उगाच रेंगाळलो. दाराच्या तिन्ही बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्यांच्या पिना हातोडीने वर ठोकल्या असत्या तर दार दोन मिनिटांत हातात आलं असतं. मी काकाजींकडे पाहिलं. ते लाल नळी पुसून खिशात घालत होते. "काय पाहून राहिला?" म्हणाले. "जा, क्लास हाय ना तुह्या?"

सत्कार झाला. भूपेंद्र सांगतो, हिरालालजींनी माइकवर केवलरामचं नाव घेतलं, पण इतक्या भरकन की मागच्या रांगेला ते पाहुण्यांच्या नावांतलंच एखादं वाटलं.

संध्याकाळी काकाजींच्या पडवीतल्या खुर्चीवर एक नारळ आणि घडी केलेली शाल सापडली. कोण ठेवून गेलं, कोणी पाहिलं नाही. काकाजींचं गेट वाजतच नाही ना.

सिंधुताईंनी नारळाची चटणी केली आणि शालीकडे बघून म्हणाल्या, "आता तरी त्याच्या गेटावर मारा ना दोन फवारे. माफी मागितली म्हणायची ही."

काकाजींनी शाल उचलली आणि स्कूटरच्या डिकीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचं गेट करकरलं. हिरालालजी दुधाला निघाले होते. काकाजी रस्त्यावरच स्कूटर उभी करून, तिच्या चाकावर लागलेल्या डांबरावर फवारा मारून दहा मिनिटं थांबले होते. हिरालालजी समोर आले तशी काकाजींनी डिकीतून ती शाल काढली, तिचा बोळा केला आणि डांबर पुसायला सुरुवात केली. हिरालालजींनी शाल ओळखली आणि दुधाची पिशवी सावरत पुढे गेले.

"पॉलिस्टर हाय," काकाजी मला म्हणाले, पण पाठमोऱ्या हिरालालजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "फवारा पीतच नाई."