मामांची गच्चीवरची छत्री

मल्लेश्वरमच्या आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकदाही टीव्ही बसून पाहिलेला नाही. त्यांनी तो फक्त दुरुस्त केलेला आहे. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे. चित्र स्वच्छ येत असलं की मामांना त्यात काही राम वाटत नाही. चित्र गोठलं, माणसाचं नाक कानाजवळ गेलं, पडद्यावर चौकोन-चौकोन नाचायला लागले, की मामा पुढे सरसावतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज येतं की लग्नाच्या फोटोतही ते तसे दिसत नाहीत.

मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. मूळचे बेळगावकडचे, बंगळुरूत येऊन पन्नास वर्षं झालेली, वय चौऱ्याहत्तर. एका कारखान्यात मापं तपासायची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर मापायला काही उरेना, म्हणून गच्चीवरच्या डिशकडे वळले. डिशला ते छत्री म्हणतात. कुठेही निघाले की खांद्याला पिशवी, आणि पिशवीत नट आवळायचे दोन पाने, होकायंत्र, चिकटपट्टी आणि एक जुना दाढीचा ब्रश. ब्रश कशाला, तर छत्रीच्या तोंडापुढे जी डबी असते तिच्यावरची कोळ्याची जाळी झाडायला. एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो. आजोबा जाऊन चार दिवस झालेले, सगळे माना खाली घालून बसलेले. मामांनी पाच मिनिटं कशीबशी काढली. मग कोपऱ्यातल्या टीव्हीकडे पाहत, प्रसंगाला शोभेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “पावसात त्रास देत असेल ना?” त्या घरच्या मुलाने मान वर केली, “खूप देतो हो,” म्हणाला, आणि दोघं गच्चीवर गेले. मामी मला हळूच म्हणाल्या, “चला, त्या पोराला तेवढंच जरा बरं वाटेल.” आणि खरंच, खाली आला तेव्हा तो चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

सिग्नलचे दोन आकडे असतात, एक स्ट्रेंथ आणि एक क्वालिटी, आणि मामा जगाकडे याच दोन आकड्यांतून बघतात. “स्ट्रेंथ नव्वद टक्के, क्वालिटी शून्य,” असं ते एकदा भर पंगतीत म्हणाले, तेव्हा त्यांचे थोरले जावई जिलेबी वाढून घेत होते. हल्ली मात्र लोकांच्या घरी सगळं इंटरनेटवर दिसतं. गल्लीतल्या छत्र्या गंजल्या, त्यांच्यावर कबुतरं बसतात, आणि मामांना कोणी बोलावत नाही. तेव्हापासून ते घरातल्या घरातच इतके फिरतात की मामी म्हणतात, “यांना बसवायचं तर नट लावून फिरवून घट्ट करावं लागेल की ओ!”

गेल्या वर्षी मामी अंगणात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मामांचा मला फोन आला. “सूनबाई, शुक्रवारी तिला घरी आणायची. आणि टीव्ही गेलाय.” ऑपरेशनबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, अहो मामा, टीव्हीचं नंतर बघू. तर म्हणाले, “नंतर कसं? डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे पडून राहायचं. तिच्या शेजारी बसायला मी पाहिजे, आणि मला तर बसता येत नाही गं. निदान सातची मालिका तरी पाहिजे की तिला.” मोबाइलवर लावून देऊ का, असं मी विचारलं; पण मामींचं मत मला माहीत होतं. एवढ्याशा डबीत माणसं कोंबलेली त्यांना बघवत नाहीत.

गुरुवारी मी रजा टाकली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या घरून यादी घेऊन मल्लेश्वरमला पोचले. कॉट हॉलमध्ये आणणे, न्हाणीघरात धरायला दांडी, औषधांचे डबे, असं करत टीव्ही सातव्या क्रमांकावर होता. मामांनी माझ्याच पेनाने तो पहिल्यावर नेला. मी म्हटलं, मग निदान क्रमाने जाऊ: आधी सेट-टॉप बॉक्स, मग वायर, मग छत्री. “तू क्रमाने ये,” असं म्हणून ते जिना चढून गेलेसुद्धा. बॉक्स ठीक होता, वायर ठीक होती. टाकी धुणाऱ्यांनी छत्रीला शिडी टेकवली होती आणि ती जागची हलली होती. म्हणजे मामा बरोबर होते, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता छत्री इंच-इंच फिरवायची आणि खाली चित्र येतं का ते बघायचं. एरवी चित्राची हाक खालून मामी देत. त्यांच्या जागी शेजारच्या अक्का बसल्या. अक्का कन्नड, मांडीवरच्या सुपात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला घेतलेल्या, डोळे टीव्हीवर. पलीकडच्या घरी भिंत फोडायचं यंत्र चाललेलं, त्यामुळे खालचा आवाज वर जाईना. म्हणून मी जिन्यात उभी राहिले: अक्कांनी मला सांगायचं, मी मामांना.

मामा छत्री फिरवत. अक्का ओरडत, “इल्ला!” इल्ला म्हणजे नाही, एवढं कन्नड मला येतं. मी वर ओरडे, “नाही!” मग अक्का ओरडत, “बंतु!” मी वर सांगे, “बंद!” मामा पुढे फिरवत. पुन्हा इल्ला. पुन्हा इल्ला. पुन्हा बंद. इल्ला आणि बंद यांत नेमका फरक काय असावा, याचा मी जिन्यात उभ्या उभ्या थोडा विचारही केला आणि दोन्ही एकाच रकान्यात टाकले. पाऊण तास गेला. मामांचा शर्ट घामाने ओला, गुडघा कुरकुरतोय, आणि आवाजात मी कधी न ऐकलेली भीती: “सूनबाई, बघ की गं नीट! उद्या येणार आहे ती!”

शेवटी अक्काच शेंगांचं सूप काखेत मारून जिन्यात आल्या. “एनम्मा, बंतु बंतु अंत एष्टु सल हेळली?”

वरून मामांचं डोकं डोकावलं. “काय म्हणाली ती? बंतु?”

“हो, बंदच म्हणतायत मघापासून.”

“अगं बाई, बंतु म्हणजे आलं! आलं आलं म्हणून किती वेळा सांगू, असं विचारतेय ती तुला! सहा वर्षं झाली या गावात येऊन, काय शिकलीस गं? याद्या?”

अक्कांना हसू आवरेना. मग पाच मिनिटांत छत्री जागेवर आली. मामांनी नट आवळला आणि खांबावर तांबड्या रंगाची खूण केली. क्वालिटी ब्याऐंशी टक्के.

शुक्रवारी मामी आल्या. सात वाजता मालिका लागली, चित्र काचेसारखं. मामा कॉटशेजारी खुर्ची घेऊन बसले. आधी पाय हलवले. मग पांघरूण सारखं केलं, मग पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे, मग पुन्हा इकडे. मामींच्या पायाच्या पट्टीकडे त्यांची नजर जाई आणि लगेच परत येई. पंधरा मिनिटांत त्यांचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना.

“अहो,” मामी म्हणाल्या, “चित्र जरासं थरथरतंय का?”

चित्र तसूभरही थरथरत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मामा उठले, पिशवी घेतली आणि जिन्याकडे गेले.

थोड्या वेळाने डोक्यावरच्या स्लॅबवर त्यांच्या चपला वाजायला लागल्या. चार पावलं इकडे, चार तिकडे, मध्ये जरा थांबून. मामींनी रिमोट घेतला, मालिकेचा आवाज पार बंद केला आणि छताकडे बघत पडून राहिल्या.

“जिना उतरताना हात धर त्यांचा,” त्या म्हणाल्या. “पण आत्ता नको. फिरू देत जरा.”