दसऱ्याला थांबलेली डिस्क

सर्व्हर चालू झाला आणि दापोड्याच्या गोदामात टाळ्या पडल्या. मी मात्र स्क्रीनवरची शेवटची नोंद बघत होते. ती दसऱ्याची होती. आता दिवाळीही होऊन गेली होती. मधल्या काळात आलेल्या-गेलेल्या मालाचा पत्ताच नव्हता.

सान्वी, ईशान, तुम्ही माझ्याकडे हे काम शिकताय म्हणून सांगते, त्या लिनक्स मशीनमध्ये दोन डिस्क सॉफ्टवेअरने मिरर केलेल्या होत्या. म्हणजे एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर उतरतं. एक गेली तरी काम चालतं. सकाळी पहिल्या डिस्कवरचा बूटलोडर, म्हणजे लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम, बिघडलेला सापडला. दुसरीची केबल सैल होती, ती मी दाबून बसवली. पहिली काढून ठेवली, दुसरीवर बूटलोडर घातला. दुसरी ताजी आहे का, हे तपासलं नाही. चूक माझीच.

"मशीन कुणी उघडलं होतं?" मी विचारलं.

"आम्हीच, दसऱ्याला," गोदामाचे मालक काशिनाथशेठ म्हणाले. "पूजेला ठेवायचा तर धूळ नको पुसाया?"

त्या पुसण्यात केबल निसटली. तेव्हापासून सगळं फक्त पहिल्या डिस्कवर लिहिलं जात होतं.

ठाण्याचा सॉफ्टवेअरवाला फोनवर होता. "आंटी, पहली डिस्क वापस जोड दो. सिंक हो जाएगा."

"आंटी घरी. इथे मॅडम. आणि सिंकमध्ये चालू डिस्कची नक्कल नव्याने जोडलेल्या डिस्कवर उतरते. जुनं नव्यावर जाईल, सगळं पुसलं जाईल."

"मॅडम, बाहेर सात गाड्या उभ्या हायत," शेठ म्हणाले. "तो सांगतोय तसा करा ना."

"नाही करणार. घाई असेल तर त्याला इथे बोलवा आणि जबाबदारी लिहून घ्या."

"लय हट्टी हायत तुम्ही," शेठ म्हणाले.

"हो."

मशीन बंद केलं आणि पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने उठवलं. मिररमधली प्रत्येक डिस्क बदलांचा एक आकडा राखते. पहिलीचा आकडा दुसरीच्या कितीतरी पुढे होता, म्हणजे ताजी तीच. पहिली एकटीच, फक्त वाचण्यापुरती उघडली. कालपर्यंतच्या नोंदी जागेवर होत्या. आधी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग बूटलोडर दुरुस्त केला. मशीन पहिलीवरून उठल्यावरच दुसरी पुसून मिररमध्ये जोडली. सिंक चालू असतानाच गाड्या सुटायला लागल्या.

मशीन उठलं म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, ते कोणत्या तारखेला उठलं ते आधी बघायचं. तोवर दारात कितीही गाड्या उभ्या असोत, एंटर दाबायचं नाही.